बदकानं ओढलेली वायर

बदकानं वायर ओढली आणि मोबाईलवरचं गाणं गपकन बंद झालं.

शहाताचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. पुढे चाऱ्याच्या भाऱ्यांखाली दिसेनाशी झालेली गाढवगाडी, डावीकडे कालवा, आणि शेजारच्या सीटवर त्याची आई, हाज्जा सनीया. हाज्जाच्या पणतीला जन्मून आज सात दिवस झाले, त्याच्या समारंभाला निघाले होते. बाळंतिणीसाठी म्हणून हाज्जानं मांडीवर दोन बदकं घेतली होती, पाय बांधून. चोची कोण बांधतो?

"आई, ती वायर! खोच आधी परत!"

"कुठली रे?"

"बदकाच्या तोंडातली!"

सात सीटांच्या त्या जुन्या गाडीत कॅसेट प्लेअर होता. त्याला मोबाईल जोडायचा तर आत कुठलीतरी कॅसेट फिरत राहिली पाहिजे, असं उस्ता बय्यूमी मेकॅनिकनं सांगितलं होतं. पिन खोचलेली असली की कॅसेट मुकी फिरते आणि मोबाईल वाजतो. पिन निघाली की कॅसेटला वाचा फुटते. "न झिजलेली कॅसेट आण," उस्ता म्हणाला होता. शहाताच्या कॅसेटी वाजून वाजून रडक्या झालेल्या. न झिजलेली एकच होती, आणि ती कुणाला ऐकवायची सोय नव्हती म्हणूनच झिजली नव्हती. टाकवतही नव्हती. घरात लपवून लपवून तो दमला होता. त्यानं विचार केला, यंत्राच्या पोटात, तोंड बंद करून. याहून सुरक्षित जागा कुठली? मधेच थांबू नये म्हणून उस्तानं बटण दाबून वर गोंद ओतला. आवाजाची खुंटी केव्हाच तुटलेली, ती पकडीनं फिरवायची. पकड डिकीत होती.

स्पीकरमधून आधी खरखर आली. मग कोंबड्या. मग एक कोवळा, दबका आवाज.

"अहो, ही दुसरी बाजू कुणाला ऐकवू नका हं. मी गच्चीवर खुराड्यात बसून बोलतेय."

मागच्या सीटवर शहाताची बायको नगात बसली होती. तिचा हात तोंडावर गेला.

शहाता बगदादला बांधकामावर होता, तेव्हाची ही कॅसेट. सगळं घर भोवती बसून सलाम सांगायचं, कॅसेट तिकडे जायची, तो तिच्यावरच उत्तर भरून परत पाठवायचा. ही एक त्यानं परत पाठवली नव्हती. कारण गावात अजूनही नव्या सुनांना दाखला देतात तो हाज्जा आणि नगातचा. एका ताटात जेवतात, आवाज कधी चढत नाही. शहाताच्या घराला दुसरी कसली श्रीमंती नव्हती. होती ती एवढीच.

"तुमची आई तुपाला कुलूप लावते," स्पीकर सांगू लागला. "किल्ली उशाला घेऊन झोपते. काल मला म्हणाली, तुझ्यापेक्षा आपली म्हैस बरी, ती निदान दूध तरी देते."

शहातानं गाडी कालव्याच्या कडेला घालून बंद केली; कॅसेट चालूच राहिली, आणि बदकानं पिन कुठे टाकली ते दिसेना. बटण उचकटून पाहिलं, कॅसेटच्या फटीत नख खुपसलं. नख तुटलं. गोंद उत्तम होता.

"नाटक आहे गं आई. रेडिओवरचं. वल्लाही, अल्लाची शपथ, नाटकच आहे."

"मग त्यात आपली म्हैस कशाला आली?"

"या लवकर," कॅसेटमधली नगात हुंदका गिळून म्हणाली, "नाहीतर मी माहेरी जाते. तुमची आई म्हणजे ना—"

तेवढ्यात खालून, लांबून, हाज्जाचाच तेव्हाचा खणखणीत आवाज आला. "नगात! मेलीस का वर?"

"आले हं आई!" हे मात्र मधात बुडवून.

मागच्या सीटवरची नगात खिडकीबाहेर बघत होती. कान लालभडक. कॅसेटमध्ये कुणी पुरुष दोनदा खोकला आणि घसा खाकरून थुंकला.

शहातानं डॅशबोर्डखालच्या सगळ्या वायरी मुठीत धरल्या. उपटायच्याच. हाज्जानं बदकाची मान सोडली आणि त्याचं मनगट धरलं. बदक सीटखाली घसरलं.

"थांब."

"आई, ती पोर होती तेव्हा. काहीतरी बोलून गेली—"

"मला काय सांगतोस? ती वर बोलत होती, मी खाली अंगणात होते. मला काय बहिरी समजलास?" हाज्जा स्पीकरकडे बघत राहिली. "खोकलं कोण ते?"

शहाताची मूठ सैल झाली. बगदादला पांघरुणात तोंड खुपसून त्यानं ही बाजू एकदाच ऐकली होती. तेव्हा खोकला त्याच्या कानावर आलाच नव्हता. गेलेल्या बापाचा फोटो घरात होता, काठी होती. आवाज कुठेच नव्हता. बाप ज्या ज्या कॅसेटवर बोलला, त्या त्या कॅसेटवर पुढचं बोलणं चढलं होतं.

"मागं घे," हाज्जा म्हणाली.

"मागं जात नाही आई. चिकटवलंय."

कॅसेटमध्ये नुसत्या कोंबड्या फिरत होत्या.

"अजून खोकतात ते पुढे," नगात खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "दर खोकल्याला माझा जीव जायचा, आले वर म्हणून. पण आई, त्याच्याआधी मी तुम्हाला आणखी बरंच बोललेय."

हाज्जानं डोक्यावरचा पदर कानामागे सारला आणि स्पीकरपाशी सरकून बसली.

"बोल गं बाई," ती म्हणाली. "सावकाश बोल."