तुम्ही आत्ता कुठे आहात?

व्हिडिओ कॉल लागला की बोलायला शिकवणाऱ्या लेनोराला आधी हेच विचारावं लागे. तिचा परवाना फक्त अमेरिकेतल्या केंटकी राज्याचा. पेशंट नदीपलीकडच्या ओहायो राज्यात बसलेला असेल, तर शिकवणं बेकायदा. दोन्ही राज्यांत चालेल अशा परवान्याचा करार झाला होता, पण ते परवाने अजून निघायचे होते.

"कुठे म्हणजे? केंटकीतच, आमच्या घरी," डोरीन घाईघाईने म्हणाली.

तिच्यामागची खिडकी आणि पडदा तीन आठवड्यांपूर्वीच बदलले होते. लेनोराने ते पाहिलं होतं, आणि तरी दर वेळी 'केंटकी' असंच लिहून घेतलं होतं.

शेजारी बसलेल्या वेंडेलने बायकोचा हात झटकला. पक्षाघात झाल्यापासून पाच महिने त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. आता तो जोरजोरात नकारार्थी मान हलवत होता.

"गप रे, वेंडेल!" डोरीन ओरडली.

वेंडेलने ओठ गोल केले, अगदी लेनोराने शिकवले होते तसे.

"ओ... हा... यो."

डोरीन तोंडावर हात ठेवून रडायला लागली. वेंडेल मात्र कॅमेऱ्याकडे बघून हसत होता.

"शाब्बास, वेंडेल," लेनोरा म्हणाली, आणि तिने कॉल बंद केला.