मनुकाची मर्जी

ऋजुता आणि सलीलचा घटस्फोट झाला होता. वाद उरला होता तो मांजरीचा.

न्यायाधीशांनी टेबलावरच्या पिंजऱ्यातल्या मांजरीलाच विचारलं, "मनुका, ऋजुताकडे राहायचंय?"

तिच्या गळ्यातला बोलका पट्टा म्हणाला, "नको. टोचते. कान पिळते."

"आणि सलीलकडे?"

"बांगडा!"

सलील हसला, तशी ऋजुता उसळली. "साहेब, तिला मधुमेह आहे, इन्शुलिन टोचावंच लागतं. मासा तिला सोसत नाही. हा चोरून बांगडा चारतो, मग अंगाला खाज सुटते, कान वाहतात. ते साफ कोण करतं? मी!"

"मांजराला म्हणे मासा बाधतो!" सलील म्हणाला. "आमच्या रेवदंड्यात सांग कुणाला. हसतील तुला."

"अरे, मरेल ती!"

"कायद्यानं प्राण्याची इच्छा अंतिम असते," न्यायाधीश म्हणाले. "मनुका सलीलकडे जाईल."

ऋजुतानं इन्शुलिनचा डबा सलीलपुढे आपटला. "निदान हे तरी देत जा."

"तिला नकोय ना? मग मी कशाला वाईटपणा घेऊ?" त्यानं डबा परत सरकवला.

पिंजऱ्यात बसून मनुका मान वाकडी करून कान खाजवत होती. कानातून पू ओघळत होता. ऋजुता रुमाल घेऊन वाकली. "ये गं, पुसू दे."

"नको," पट्टा म्हणाला.

कोर्टाच्या शिपायानं ऋजुताचा हात धरला. "बाई, मागं व्हा. तिनं नाही म्हटलंय."