चार वाजेपर्यंत

ताईने धाकट्याची चाकांची खुर्ची सूक्ष्मदर्शकाला चिकटवून लावली, दोन्ही हातांनी त्याची लुळी मान उचलली आणि त्याचे डोळे भिंगांवर टेकवले.

"दिसतंय?"

"धागे आहेत कसले तरी. अगं, हलतायत की!"

"तुझ्याच मांडीतून काढलेल्या पेशी. काचेच्या बशीत वाढवल्या मी."

"माझ्या? आणि हलतायत? कशाने?"

"आरएनएचा एक तुकडा असतो. त्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही, म्हणून सगळ्यांनी त्याला अडगळीत टाकलं होतं. पण पेशींना तोच सांगतो, वाढणं पुरे, आता जुळा आणि स्नायू बना. तुझ्यात तो कमी पडतो. इथे मी बाहेरून घातला."

"म्हणजे आपला मामा! स्वतः इकडची काडी तिकडे करणार नाही, पण घरात कार्य असलं की सगळ्यांना जुंपणार."

ताई खळखळून हसली.

"मग मलाही टोच की थोडा मामा," तो म्हणाला.

बशीतलं औषध माणसापर्यंत यायला दहा वर्षं तरी लागणार होती. डॉक्टरांनी धाकट्याला दोन सांगितली होती. त्याच्याशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"अंगात कसा पोचवायचा, तेच अजून कुणाला जमलेलं नाही रे."

"बरं."

चारला तीन मिनिटं कमी होती. तिने हातमोजे चढवले, बाटलीचं झाकण काढलं.

"आता काय?"

"आरएनए किती वाढला ते मोजायचं. त्यासाठी या द्रवाने पेशी फोडाव्या लागतात. बरोबर चारला. मागच्या खेपेला उशीर केला आणि आठवड्याची मेहनत पाण्यात गेली."

"मारल्याशिवाय कळत नाही?"

"नाही."

त्याचे डोळे भिंगांवरच होते. भिंगाखाली धागे आखडत होते, सुटत होते.

चार वाजले. ताई हातात ड्रॉपर घेऊन तशीच उभी राहिली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. त्याला 'पुरे आता' म्हणायला तिची जीभ उचलेना. त्याचं मन भरेपर्यंत बघू दे, आकडे गेले खड्ड्यात, असं तिला वाटलं.

"ताई," शेवटी तोच म्हणाला, "मान उचल ना माझी. मला कधीचं बघवत नाहीये."