भाला, कुऱ्हाड की घण

दोनशे एकेचाळिसाव्या लढतीतही भालेवालाच जिंकला. यज्ञेशने वहीत एक रेघ ओढली आणि पुढची लढत लावली. दिपिकाच्या डोक्यात सणक गेली.

"यज्ञेश, बस झालं आता. आज बारावा दिवस आहे."

"ताई, नऊच राहिल्यात. अडीचशे झाल्या की आकडा पक्का."

पक्का म्हणे! दिपिका पहिल्या बाळंतपणाला डोंबिवलीहून कोलशेतला माहेरी आलेली. सोमवारी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं आणि आज शनिवार उजाडून दुपार झाली होती. ही दोघं भावंडं दोन वर्षं एकच गेम खेळत होती. बुटक्या लोकांचा डोंगरात खोदलेला किल्ला. खेळातलं एक वर्ष त्याने राज्य करायचं, मग डाव तिला पाठवायचा आणि पुढचं तिने. बाळ झाल्यावर तिला लॅपटॉपला हात कोण लावू देणार होतं? त्याआधी तिला तिचं एक शेवटचं वर्ष हवं होतं, एवढंच.

पण यज्ञेशच्या वर्षात राक्षसांची फौज किल्ल्याच्या दाराशी आली आणि या गाढवाने गेमच थांबवून ठेवला. मेलेला शिपाई परत येत नाही आणि हरलेला डाव पुन्हा लावायचा नाही, हा नियमही त्याचाच. मग शिपायांच्या हातात कोणतं हत्यार द्यायचं ते ठरवायला तो गेमच्या वेगळ्या सरावाच्या रिंगणात दोन-दोन बुटके झुंजवत बसला. भाला विरुद्ध कुऱ्हाड, कुऱ्हाड विरुद्ध घण. गेमही असा किचकट की करंगळीचं नख उडालं तरी त्याची नोंद होणार. आणि यज्ञेश ती प्रत्येक नोंद वाचणार.

त्यांची आई भागीरथी बाजारातून येऊन दारातच चिंबोऱ्या साफ करायला बसली होती. मुलीला त्यातली एकही मिळणार नव्हती, गरम पडतात म्हणून. दिपिकाला त्याचाही राग होताच.

"कोन जिंकला रं?" भागीरथीने विचारलं.

"भाला, आई. भाल्याला तोड नाय."

भागीरथीने खेकड्याचा एक जाडजूड नांगा उचलला, पाटावर ठेवला आणि त्यावर बत्ता हाणला. नांगा तडकला. "तुजा भाला याला लावून बघ, घसरंल. बोंबलाला विळी चालते, याला बत्ताच लागतो. समोर काय हाय ते बघशील का नाय?"

दिपिका उठली. कमरेवर हात ठेवून, हळूहळू, पण उठली. तिने पडद्यावर वाकून पाहिलं.

"यज्ञेश, या दोघांच्या अंगावर चिलखत कुठाय?"

यज्ञेशचा हात थांबला. "रिंगणात ते आपणच घालायला लागतं."

"मग तू घातलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"आणि दाराशी आलेत ते?"

"ते नखशिखांत लोखंडात आहेत," तो पुटपुटला.

बारा दिवस! बारा दिवस या शहाण्याने उघड्याबंब बुटक्यांना भोसकून त्याचा हिशेब मांडला होता. दिपिकाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण यज्ञेशने शांतपणे वहीचं कोरं पान काढलं होतं.

"परत करतो. या वेळी चिलखत घालून. दहा दिवस दे फक्त."

"दहा दिवस?" दिपिकाने वही ओढून घेतली. "दहा दिवसांनी मी कुठे असेन, माहितीये ना तुला? तुला लढायचंच नाहीये. एवढा घाबरट कधीपासून झालास रे?"

"घाबरलो नाय." यज्ञेश पडद्याकडेच बघत होता. "लढाई संपली की माझं वर्ष संपतं. मग तुझं. तू ते दोन दिवसांत उडवशील. मग तू बाळ घेऊन डोंबिवलीला जाशील आणि किल्ला बंद. ऑफिसातून आल्यावर मी काय करू, सांग."

भागीरथीचा बत्ता थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

बाळ झाल्यावरही खेळू आपण, असं दिपिकाला म्हणता आलं असतं. पण आई झालेल्या सगळ्या मैत्रिणी तिच्या डोळ्यांसमोर होत्या. राग कुठे गेला तेही तिला कळलं नाही. आता फक्त वाईट वाटत होतं, त्याचं आणि स्वतःचंही.

"सरक," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी टेकली. "माझं वर्ष राहू दे. हेच आपण दोघं मिळून संपवू. कोठारात घण किती आहेत?"

"सातच."

"सातही वाटून टाक. पहिला विश्रामला दे."

विश्राम हा किल्ल्यातला सगळ्यात जुना शिपाई. पहिल्याच दिवशी दोघांनी मिळून त्याचं नाव ठेवलं होतं. एका लढाईत त्याचा डावा डोळा गेला तेव्हा यज्ञेश रात्री जेवला नव्हता. आता त्याने विश्रामला घण दिला, पोलादी शिरस्त्राण दिलं आणि सगळ्यांच्या पुढे उभा केला. उरलेले सहा घण बाकीच्यांना वाटले. मग त्याने किल्ल्याचं दार उघडायचा हुकूम दिला, गेम सुरू केला आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले.

"तू बघ, ताई. माझ्याच्याने नाय होणार."

दिपिका बघत राहिली. दाराशी एकच झुंबड उडाली होती. नोंदी भराभर वर सरकत होत्या.

"विश्राम आहे ना गं?"

"आहे रे," दिपिका म्हणाली. "पुढेच आहे."

विश्राम दारातच पालथा पडला होता, आणि बाकीचे सहा जण त्याला ओलांडून बाहेर निघाले होते.