मरळीचा खुराक

भीमाकाठच्या तळ्यात सोडलेलं मत्स्यबीज मरळी हे शिकारी मासेच फस्त करतात, म्हणून त्या सगळ्या मारायच्या, असं मच्छीमार सोसायटीच्या संपतआबांनी ठरवलं. पहिल्या जाळ्यातल्या मरळी बादलीत पडल्या, तेवढ्यात मरळींवर संशोधन करणारी गावातलीच गौतमी धावत आली. “आबा, थांबा! मरळ एवढं खातच न्हाई.” “तू काय तिच्या ताटाशी बसली व्हतीस?” “पारा सांगतो, आबा. खाण्यातला किंचित पारा माशाच्या अंगात साठत जातो. तिच्या अंगात किती, भक्ष्यात किती, मोजलं की वर्षाचं खाणं कळतं. तुमच्या अंदाजाच्या निम्मंही भरलं न्हाई.” तिला दोन उन्हाळे चिखलात राबताना आबांनी पाहिलं होतं. त्यांनी धरलेल्या मरळींची बादली तिच्यापुढं सरकवली. “तूच सोड.” मरळी सळसळत पाण्यात गेल्या, गौतमीचा जीव भांड्यात पडला. “घरी जेवायला चल,” आबा म्हणाले, “पर आमी किती खातो ते मोजू नगंस!”