चपलेतलं वझं

गौरवीचं लग्न झालं त्या वर्षीची चवथ. उद्या गणपती बसायचा आणि लेकीच्या सासरी पाठवायचं वझं अजून कारापुरातच, ओसरीवर पडलेलं. नेवऱ्यांचे नि लाडवांचे डबे, नारळ, तवशी, केळ्यांचा घड, ऊस, गणपतीवर फळाफुलांची माटोळी टांगतात तिला बांधायची लिंबासारखी मोठाली तोरिंगं. नव्या सुनेच्या माहेरचं वझं आल्याशिवाय पेडण्याच्या त्या घरची माटोळी पुरी व्हायची नव्हती. आणि टेंपोवाल्या पांडुरंगाचा फोन आला. त्याचा बांद्याचा काका गेला होता. सुतकातल्या हातांनी वझं कसं न्यायचं?

"गौरेशची गाडी आहे की," गौरवीची आई देवकी म्हणाली.

तिचा नवरा बाबाजी हसला आणि हसता हसता खोकत सुटला. अंगणात लाल गाडी उभी होती. बोटीवर नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने घेतलेली, दोन माणसांची, बुटकी, वेगाने पळण्यासाठीच केलेली. बाबाजीने सगळा जन्म खाणीवर ट्रक चालवला होता. त्याने पहिल्याच दिवशी तिचं नाव चप्पल ठेवलं होतं.

"चपलेतून वझं? गावात तोंड दाखवायला जागा राहील काय रे?"

"गावात राहील, बाबा. गाडीत करायची आहे," गौरेश म्हणाला.

बाबाजीच्या मनात वेगळंच चाललं होतं. खाणीची धूळ त्याच्या छातीत बसली होती. पुढची चवथ तो बघेल असं सांगता येत नाही, हे डॉक्टरने गौरेशला दाराआड सांगितलं, ते त्याने ऐकलं होतं. म्हणजे लेकीच्या दारात जायची वेळ ही एवढीच. तिला फक्त खोकला माहीत होता. पावसाच्या तोंडी घरी आणलेली प्राणवायूची बाटली तिला माहीत नव्हती. बाटली हातभर लांबीची. ती लावून तो अंगणातसुद्धा उतरला नव्हता. आज वझ्याची पाटी त्याला आपल्या हातांनी लेकीच्या उंबऱ्यात ठेवायची होती. तेही बाटलीशिवाय.

गाडीची डिकी म्हणजे जुन्या पेटीएवढी. पहिली पाटी आत जाईना, तेव्हा गौरेशने सगळं कापडी पिशव्यांत ओतायला घेतलं.

"वझं पिशव्यांतून?" देवकी ओरडली. "बाजार करून आलो म्हणून सांगाल काय विहिणीला?"

"आये, पाटी ताठ असते. कोपऱ्यात शिरत नाही. रिकाम्या पाट्या डिकीवर पालथ्या बांधतो. घराच्या अलीकडे थांबू आणि भरू."

नारळ खाली गेले. तवशी त्यांच्या फटींत. डबे पायांपाशी, केळ्यांचा घड डब्यांवर. उसाची पानं खिडकीतून बाहेर आली. कुंपणावरून शेजारचा दत्तप्रसाद ओरडला, "बाबाजी, चपलेतून चललंस? मगे पायांत काय घालतलंस?"

शेवटी तोरिंगं उरली आणि बाबाजीच्या सीटमागची एक जागा. गौरेशने तिथे पट्टा लावून बाटली बांधली होती.

"ती बाटली घरी ठेव. तोरिंगं तिथं मावतात."

"नको, बाबा."

"पुता, वझं पुरं गेलं पाहिजे."

"सगळं वझं खाली उतरवतो," गौरेश म्हणाला. "बाटली उतरणार नाही."

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. वझ्यावर घालायचं लाल कापड देवकीने घेतलं, बाटलीला नीट गुंडाळलं आणि गाठ मारली. तोरिंगं तिने नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. "धरून बसा," एवढंच म्हणाली.

ट्रकात तो कायम उंचावर बसायचा. आज रस्ता कमरेशी आला होता. रस्त्याकडेचं गवत, शेळ्या, पोरांचे पाय सगळं जवळून दिसत होतं. कोलवाळचा पूल आला आणि त्याची छाती दाटली. गौरेशने न विचारता गाडी बाजूला घेतली आणि मागच्या बाटलीची नळी पुढे दिली. घराबाहेर बाबाजीने ती पहिल्यांदाच नाकाला लावली. थोड्या वेळाने त्याला नदी दिसायला लागली. कोणी थांबून त्याच्याकडे बघत नव्हतं. बघत होते ते गाडीकडे.

पेडण्याला वळणावर थांबून त्यांनी पाट्या भरल्या. बाबाजीने नळी काढून मागे ढकलली. पाटी हातात घेऊन तो दारापर्यंत गेला, उंबऱ्यात टेकवली आणि तिथेच मटकन बसला. गौरवी पाण्याचा तांब्या देऊन गाडीकडे धावली. राहिलेलं सामान काढता काढता तिचा हात लाल कापडाला लागला. तिने गाठ सोडली.

"बाबा, हे काय?"

बाबाजीने वाटेत एक खोटं जुळवून ठेवलं होतं. ते ऐनवेळी तोंडात येईना.

"ते माझं," तो म्हणाला. "परत न्यायचं आहे."

गौरवीची सासू शांता हळदीकुंकवाची कोयरी घेऊन पाट्यांजवळ आली होती. तिने बापाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मग खाली वाकून तिने बाटलीलाही कुंकू लावलं.

"लाल कापडातून आलं ते वझ्यातलं," ती म्हणाली. "ते आधी आत. व्याह्यांच्या खुर्चीशी ठेव गो."

गौरवीने बाटली लेकरासारखी कडेवर घेतली. "आणि दर चवथीला आणायची, बाबा."

"वझं पहिल्याच वर्षी असतं, बाय."

"हे दर वर्षी."

येताना बाबाजीने नळी लावली ती पेडण्याच्या भर बाजारातून. कुंकू त्याने पुसलं नाही. नंतर तो चपलेत बसून नार्वेच्या जत्रेला गेला, म्हापशाच्या बाजाराला गेला, दत्तप्रसादच्या मुलाच्या वरातीतसुद्धा गेला. दर चवथीला पेडण्याला गेला. सीटमागच्या त्या जागेत गौरेशने दुसरं काही कधी ठेवलं नाही.

बाबाजी वारला तो गौरवीची धाकटी लेक शाळेत जायला लागली त्या वर्षी, श्रावणात.