आणखी एक महिना

“मग, बंदी उठल्यापासून कसं चाललंय?” समुपदेशक मॅडमनी फाइल उघडत विचारलं.

“अजून कुठे उठलीये, मॅडम?” बायको हसून म्हणाली. दिवसभर लोकांच्या संसाराची गाऱ्हाणी ऐकायची म्हटल्यावर एखाद्या वेळी घोळ व्हायचाच, असं तिला वाटलं. तिनं शेजारी बसलेल्या मास्तरांकडे पाहिलं. नवरा तिचा, पण सगळ्यांसारखी तीही त्याला मास्तरच म्हणायची. मास्तर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

बंदी मॅडमचीच. दोन वर्षं पाठीला पाठ लावून झोपणाऱ्या या जोडप्याला त्यांनी अभ्यास दिला होता. रोज वीस मिनिटं एकमेकांजवळ पडायचं. हात, पाठ, केस, जिथे बरं वाटेल तिथे हात फिरवायचा. पण त्यापुढे जायचं नाही म्हणजे नाही. जमेल की नाही ही मास्तरांच्या मनातली धास्ती गेली, की बंदी उठेल. मास्तर शाळेत भूमिती शिकवायचे. त्यांनी हा अभ्यास असा इमानेइतबारे केला, की त्यांनी वर्गात दिलेला अभ्यास तसा एकाही मुलानं कधी केला नसेल.

मॅडमनी पानावर बोट ठेवलं. “मागच्या महिन्यात तुम्ही नव्हता. हे एकटेच आले होते. तेव्हाच उठवली की मी. तुम्हाला सांगायलाही सांगितलं होतं यांना.”

मागच्या महिन्यात तिच्या औषधांच्या दुकानात मालाची मोजदाद होती, सुट्टी मिळाली नव्हती. मास्तर घरी आले, चपला काढल्या नि म्हणाले, “आणखी एक महिना, म्हणाल्या.” ती हिरमुसली, पण मॅडमना जास्त कळतं म्हणून गप्प बसली. एका रविवारी दुपारी तिनंच जरा धीर केला, तर मास्तरांनी हळूच तिचा हात बाजूला सारला. “मॅडमनी सांगितलंय ना,” म्हणाले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर तिनंच माफी मागितली, आणि काय हा माणूस, शब्दाला किती पक्का, असं संध्याकाळभर मनातल्या मनात कौतुकही केलं.

आता तिचे कान तापले. आपल्याला कोणी उपाशी ठेवलं आणि वर आपल्याकडूनच शाबासकी उकळली, असं तिला वाटलं.

“खोटं का बोललात?”

मास्तर पुन्हा कॅलेंडरकडे वळले.

“भीती वाटली असेल,” मॅडम सांभाळून घेत म्हणाल्या. “होतं असं. पुष्कळांचं होतं.”

बायको मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली. नुसतं हो म्हणाले असते, तरी ती सगळं तिथल्या तिथे गिळून मोकळी झाली असती. म्हणा हो, असं ती मनात म्हणतही होती.

“भीती कधीच गेली,” मास्तर म्हणाले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा आवाज अगदी साधा होता. “पण तशी ओढच वाटत नाही मला. हिच्याबद्दल.”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

“मग रोजची ती वीस मिनिटं?” बायकोनं विचारलं. “माझ्या केसांतून हात फिरवत होतात, ते?”

मास्तर खरोखरच गोंधळले.

“तो अभ्यास होता ना,” ते म्हणाले.